जुनी इलेक्ट्रिक कार : बॅटरी ९६ टक्के म्हणतात, विश्वास ठेवू का?

सकाळची_पाळी

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

माझी पाळी सकाळी ६ ची. घर ते काम २७ किमी, म्हणजे रोजचे ५४, आठवड्याचे सहा दिवस. पहाटे ५ ला बस मिळाली तर मिळाली. आतापर्यंत एका जुन्या पेट्रोल गाडीवर दिवस काढले, पण तिचा क्लच दुसऱ्यांदा गेलाय आणि पगारातलं किती टाकीत ओततेय ते बघून पोटात गोळा येतो. नवी इलेक्ट्रिक झेपणारी नाही, आणि कर्ज काढायचं नाही हे पक्कं. साठवलेल्या पैशांत बसेल अशी वापरलेली शोधतेय.

एक सापडलीय. ६ वर्षं जुनी, ७१ हजार किमी झालेली. नवी असताना बॅटरी ३० युनिटची. मालकाने मोबाइलवर ॲप उघडून दाखवलं, बॅटरीचं आरोग्य ९६ टक्के. पूर्ण चार्जला पडद्यावर २०५ किमी येतात. गाडी अशी धुऊनपुसून ठेवलेली की सीटवर बसायलाही संकोच वाटला. भाव मात्र तशाच इतर गाड्यांपेक्षा कमी सांगतोय, आणि नेमकं तेच खुपतंय.

आमचे हे म्हणतात, दुसऱ्याची बॅटरी घेणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालणं. मोठे दीर म्हणतात, डोळे मिटून घे. मला एवढंच विचारायचंय : हे ९६ खरं की खोटं, कसं ओळखायचं?

तिसरा_मालक

ताई, नावाप्रमाणेच मी माझ्या गाडीचा तिसरा मालक. ३ वर्षं चालवतोय, तेव्हा थोडं अनुभवाचं सांगतो.

ते २०५ आधी डोक्यातून काढा. तो आकडा बॅटरी मोजून येत नाही. अलीकडे गाडी कशी हाकली त्यावरून गाडी अंदाज बांधते. एसी बंद ठेवून आठवडाभर चाळिशीच्या वेगाने फिरवली की आकडा आपोआप फुगतो.

आता ९६. ॲप खोटं बोलत नाही, ते गाडीतल्या बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या संगणकाला विचारतं आणि तो जे सांगेल ते दाखवतं. गोम अशी की काही गाड्यांमध्ये या संगणकाची आठवण पुसता येते. पुसली की त्याला वाटतं, आपली बॅटरी नवीकोरी. पुढे बरेच दिवस गाडी चालून, भरून, पुन्हा चालून त्याला हळूहळू खरं कळतं. तोवर गाडी विकून झालेली असते. निसान लीफ घेणाऱ्यांमध्ये ही लबाडी जुनी आहे. त्या गाडीत बॅटरीच्या क्षमतेच्या १२ काड्या दिसतात, पहिली काडी साधारण १५ टक्के क्षमता गेल्यावर पडते, आणि गिऱ्हाईक काड्या मोजतं म्हणून विकणारा काड्या उभ्या करतो. सहा वर्षांनी ९६ अगदीच अशक्य नाही. पण भुवई वर जावी असा आकडा आहे खरा.

खोटं बोलता न येणारी वस्तू एकच, विजेचा मीटर. १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा मीटर आणा. गाडी चालवून १२ टक्क्यांवर आणा, मग मीटरमधून लावा आणि चार्जर *आपणहून* बंद पडेपर्यंत हात लावू नका. मध्येच ८० ला काढलंत तर उपयोग शून्य, कारण ते ८० सुद्धा त्या भुललेल्या संगणकाचंच. १२ च का? घरगुती संथ चार्जिंगमध्ये साधारण १० ते १५ टक्के वीज उष्णतेत वाया जाते, आणि तुम्हीही तळाचे १२ टक्के भरत नाही. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. मीटरवर जेवढे युनिट पडले, तेवढीच बॅटरी शिल्लक आहे असं बिनधास्त धरा. एखादा युनिट इकडेतिकडे.

तुमच्या बाबतीत २९ च्या आसपास आले तर मालक देवमाणूस.

टेस्टर_पक्कड

गाडीचं बघतील बाकीचे. मी वायरमन, मी सॉकेटचं विचारतो. ताई, रात्री गाडी कुठे लावणार?

हे विचारतोय कारण लोक गाडी घेतात आणि मग मला बोलावतात. मागच्या महिन्यात एकाकडे गेलो, खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडलेला, त्यावर गाडी. बोर्ड उघडला तर आतली पितळी पट्टी निळसर काळी पडलेली आणि पिनेभोवतीचं प्लास्टिक करपलेल्या पापडासारखं वर आलेलं. अजून चार रात्री गेल्या असत्या तर मला नव्हे, बंबवाल्यांना बोलावलं असतं. इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी तासन्‌तास सलग ओढते. सॉकेटला हा फरक कळतो.

तुमचं ५४ किमीचं गणित सोपं आहे. अशा गाडीला १०० किमीला १५ युनिट धरा, म्हणजे रोजचे ८ च्या आसपास. १६ अँपिअरवर तीनेक तासांत आटपतं. तेवढ्यासाठी भिंतीवरचा मोठा चार्जर लागत नाही, उगाच खर्च करू नका. मात्र सॉकेट मीटरपेटीपासून स्वतंत्र लाइनवर हवं, तार ४ स्क्वेअर एमएमची, त्याचा स्वतःचा एमसीबी, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. अर्थिंग नीट तपासून घ्या. ते नसेल तर बरेच चार्जर लाल दिवा लावून सरळ नकार देतात, आणि लोक म्हणतात गाडीच खराब.

पहिल्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना तासाभराने प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर बंद करा.

उलटतपासणी

सगळे बॅटरी बॅटरी करताय म्हणून विरुद्ध बाजूने. मी एक वापरलेली इलेक्ट्रिक घेऊन विकून मोकळा झालोय, आणि मला त्रास मोठ्या बॅटरीने दिलाच नाही. एका पहाटे गाडीचं दार उघडेना. मोठी बॅटरी ८६ टक्के भरलेली! मेली होती ती १२ व्होल्टची छोटी. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे रिले त्या छोटीच्या जिवावर ओढले जातात. ती गेली की गाडी म्हणजे कुलूपबंद गोदाम.

टायर बघा, गाडी जड असते, झिजतात. ब्रेक बघा. गाडी मोटरनेच थांबत असल्याने ब्रेक कमी लागतात आणि डिस्कवर गंज धरतो. रेडिओ बंद करून खड्ड्यातून न्या, इंजिनचा आवाज नसल्याने सस्पेन्शनचं रडगाणं स्पष्ट ऐकू येतं. आणि बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी देतात, पण ती गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या तारखेपासून. तुम्ही घेतली त्या तारखेपासून नाही. दुसऱ्याच्या नावावर होते का ते लेखी घ्या.

माझं विचाराल तर यांचं ऐका, पेट्रोलच घ्या.

सकाळची_पाळी

सगळ्यांचे आभार. @उलटतपासणी, तुमचा प्रतिसाद यांनी मोठ्याने वाचून दाखवला, त्याबद्दल तुमचे वेगळे आभार 😄

मीटर आणला. मालक आधी म्हणाला, "ताई, एवढा अविश्वास?" मग शनिवारी कसाबसा तयार झाला. दिरांकडे गॅरेज आहे, सॉकेट पक्कं आहे. गाडी १२ वर आणून रात्री ८ ला लावली. ३ ला अलार्म लावून उठले, स्वेटर घालून गॅरेजमध्ये गेले. पडद्यावर ८१. मीटरवर २२ च्या पुढे. म्हटलं, अजून बरंच बाकी असेल, तिथेच पायरीवर बसले. साडेतीनच्या सुमाराला आकडा ८१ वरून थेट १०० वर गेला आणि चार्जरचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. मध्ये ८२ नाही, ९० नाही. मीटरवर २३.१.

म्हणजे ३० पैकी २३. ७७ टक्के.

तिसरा_मालक

ती ८१ वरून १०० ची उडी म्हणजे कबुलीजबाबच. बॅटरी भरली, पुढे जागाच नाही, तेव्हा कुठे संगणकाला उमगलं.

पण ताई, आता गणित करू. २३ युनिटमध्ये दीडशे किमी निघतात, तुम्हाला ५४ हवेत. तुमच्या कामाला ७७ भरपूर आहे. त्याला मीटरचा फोटो दाखवा आणि भाव पाडून घ्या.

टेस्टर_पक्कड

मी नाही घेणार. ज्याने आठवण पुसली त्याने आणखी काय काय पुसलंय ते कुठला मीटर सांगणार? बुडालेली गाडी असली तर?

सकाळची_पाळी

तिसरा_मालक, गणित बरोबर आहे तुमचं, ते मलाही पटलं. दोन दिवस तेच घोळवत होते. पण फोटो पाठवल्यावर मालकाचं उत्तर आलं, "तुमचा मीटर स्वस्तातला असेल." तिथे संपलं. त्याने नुसतं "हो, ७७ आहे" म्हटलं असतं तर गाडी आज माझ्या दारात असती.

सकाळची_पाळी

सव्वा महिन्याने लिहितेय, कुणीतरी विचारलं होतं पुढे काय झालं.

दुसरी घेतली. हिच्यापेक्षा एक वर्ष जुनी, बॅटरी नवी असतानाच २४ युनिटची, आणि दिसायला म्हणाल तर मागच्या बंपरला पोचा. मालकीणबाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "बॅटरी ७५ वर आलीय हो, लांबच्या गावाला जायचं असेल तर येऊ नका." ॲपनेही ७५ च दाखवलं. मीटर लावायची परवानगी मागितली तर म्हणाल्या, माझ्याकडे आहे की, आणि एक वही आणून ठेवली.

शाळेची दोनशेपानी वही. रेघा मारून रकाने : तारीख, किमी, आधी किती टक्के, नंतर किती, मीटरचे युनिट. कडेला शेरे. "पाऊस, काच सारखी धुकट, जास्त खाल्लं." "चाकात हवा कमी होती." "८० लाच काढली, उद्या सुट्टी." एके ठिकाणी नुसतं "विसरले" आणि त्यापुढे रागाने दोन रेघा. मी तरी मीटर लावला. १४ टक्क्यांपासून चार्जर थांबेपर्यंत १७.९ युनिट. हिशेब केला तर ७६ येतात. टक्के एकेक करत चढले, उडी नाही.

पैसे द्यायच्या आधी एक गोष्ट मात्र अडून बसून केली. पहाटे ५ ला त्यांच्याकडून गाडी घेतली आणि कामाच्या दारापर्यंत जाऊन परत आले, दिवे लावून, एसी लावून, माझ्या नेहमीच्या वेगाने. निघताना १००, परत आले तेव्हा ५४. थंडीत हीटर लावला तर आणखी घटेल, तरी पुरेल.

@टेस्टर_पक्कड, स्वतंत्र लाइन ओढून घेतली, तार ४ चीच. वायरमन २.५ पुरेल म्हणत होता, त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. प्लग कोमट लागतो.

@उलटतपासणी, पुढचे दोन टायर बदलले. १२ व्होल्टची बॅटरी पहिल्याच आठवड्यात बदलली, ती बिघडायची वाट बघितली नाही. डिस्कवर तांबूस गंज होता, दोन-चारदा जोरात ब्रेक दाबल्यावर गेला. वॉरंटीला एकच वर्ष उरलंय आणि ती ७० च्या खाली गेल्यावरच लागू होते, तेव्हा ती जमेत धरलेली नाही.

वही त्यांनी गाडीबरोबरच दिली. अजून साठेक पानं कोरी आहेत. यांनी काल स्वतःहून मीटर वाचून आकडा लिहिला, टक्क्यांच्या रकान्यात युनिट आणि युनिटच्या रकान्यात टक्के.