मदत हवी आहे: जुन्या हार्ड रॉकच्या टोनसाठी बुटीक अॅम्प – फ्रीडमन, सुहर की सेरियाटोन?

नमस्कार मंडळी,

ट्यूब अॅम्पवाले गिटारिस्ट इथे कितीजण आहेत कल्पना नाही, पण विचारून बघतो. (ट्यूब अॅम्प म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अॅम्प्लिफायर, बुटीक म्हणजे छोट्या कंपन्यांनी मोजके बनवलेले.)

मला हवाय तो सत्तरच्या दशकातला हार्ड रॉकचा आवाज. एसी/डीसी, थिन लिझी, फ्री हा सगळा गोतावळा. मेटल नको. त्या रेकॉर्डिंगमध्ये गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) लोकांना वाटतो त्याच्या निम्माही नसतो. जो दणका ऐकू येतो तो पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) ताणल्यामुळे. कॉर्ड मारली की त्यातला प्रत्येक सूर सुटा ऐकू आला पाहिजे, आणि गिटारचा व्हॉल्यूम पाच-सहावर आणला की आवाज जवळपास स्वच्छ झाला पाहिजे. माझी कसोटी एवढीच. गिटार लेस पॉल, कमी आउटपुटचे हंबकर पिकअप.

या आवाजाचं मूळ म्हणजे मार्शल कंपनीचा प्लेक्सी अॅम्प, हे इथल्या जाणकारांना सांगायला नको. मॉडेल नंबर १९५९ म्हणजे १०० वॉटचा सुपर लीड आणि १९८७ म्हणजे ५० वॉटचा. (हे आकडे साल नाहीत, यावरून आमच्या बँडमध्ये भांडण झालेलं आहे.) पण त्याला मास्टर व्हॉल्यूम नाही, म्हणजे आवाज फाटका ठेवून एकूण पातळी उतरवता येत नाही. आणि सुपर लीडच्या ब्राइट चॅनलच्या व्हॉल्यूम पॉटवर ५००० पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवलेला असतो. नॉब खाली असला की तो कपॅसिटर वरची पट्टी (ट्रेबल) पॉटला वळसा घालून थेट पुढे पाठवतो, म्हणून दोन-तीनवर अॅम्प कानात खिळे ठोकतो. सात-आठच्या पुढे त्याचा परिणाम विरतो, बेस भरतो, आणि मग तो ओळखीचा आवाज येतो. तोवर खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे असतात.

मी कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आता हिशोब करा: सेलेशनच्या ग्रीनबॅक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९८ डेसिबल, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ९८! नदीपात्रात ढोल पथकांचा सराव महिना-दोन महिने चालतो ते सगळ्यांना चालतं, माझी एक कॉर्ड चालत नाही. असो. त्यामुळे अॅम्प खऱ्या अर्थाने वाजणार तो कर्वेनगरच्या जॅम रूममध्ये आणि अधूनमधून बाणेरला एखादा कार्यक्रम असला तर. घरी लोड बॉक्स (स्पीकरऐवजी जोडायचा डबा) लावून हेडफोनवर.

बजेट सगळं धरून अडीच लाख. डोक्यात असलेली नावं अशी.

फ्रीडमनचा स्मॉल बॉक्स, ५० वॉट, ईएल३४ पॉवर ट्यूब, दोन चॅनल. फ्रीडमनचं सगळं घराणंच सुधारित मार्शलचं, त्यामुळे हात बसलेला असणार. पण व्हिडिओंमध्ये लोक त्याचा गेनवाला चॅनलच वाजवून दाखवतात, आणि तो ऐंशीच्या दशकातला आवाज आहे. त्यांचाच डर्टी शर्ली जास्त जवळचा वाटतो. तो मार्शलच्याच जुन्या जेटीएम४५च्या वळणाचा, ४० वॉटचा, गेन बेताचा. सुहरचा एसएल६८ १९६८च्या सुपर लीडवर बेतलेला आहे, ऐकायला अप्रतिम, पण किंमत बघून टॅब बंद केला. सेरियाटोन मलेशियातले. प्लेक्सीच्या नकला हाताने वायरिंग करून देतात, मागितलं तर फेज इन्व्हर्टरनंतरचा (पॉवर ट्यूबच्या अगदी आधीचा) मास्टर व्हॉल्यूमही बसवतात, आणि बाकीच्यांपेक्षा बरेच स्वस्त पडतात. शेवटी, बुटीक नाही तरी, मार्शलचाच एसव्ही२०एच: २० वॉट, पाच वॉटवर आणता येतो, पण सर्किट बोर्डावरचा.

फ्रीडमनचं आकर्षण असं, की भाचा डिसेंबरमध्ये न्यू जर्सीहून येतोय आणि हेड (स्पीकरशिवायचा अॅम्प) आणायला तयार आहे.

प्रश्न: डर्टी शर्ली आणि सेरियाटोन दोन्ही बँडसोबत वाजवलेलं कुणी आहे का? ड्रमर कधीच हळू वाजवत नाही अशा खोलीत? अमेरिकेतला अॅम्प तपकीर गल्लीतून (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवला तर काय बिघडतं? आणि पुण्यात बायस करून देणारं (पॉवर ट्यूबमधून वाहणारा प्रवाह नीट बसवणारं) कुणी विश्वासाचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. मागच्या वेळी ज्यांच्याकडे जुना कॉम्बो दिला होता त्यांनी नव्या ट्यूब घातल्या, बायसला हात लावला नाही, आणि अॅम्प दोन गाण्यांत तापून लाल.

प्रतिसाद १
मॉडेलर (ट्यूब अॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या आणि मोकळे व्हा. अडीच लाख ट्यूबमध्ये घालणं ही निव्वळ हौस.

धागाकर्ता
हौसच आहे हो. मॉडेलर आहे घरी, रात्री त्यावरच वाजवतो. रेकॉर्डिंगला झकास. पण ड्रमरशेजारी उभं राहून पॅन्ट हलली पाहिजे.

प्रतिसाद २
आधी भाच्याचं बघू. स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. तिथे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. फक्त ६० साठी बांधलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, कारण गाभा लवकर सॅच्युरेट होतो. अॅम्पच्या मागे १००/१२०/२३० असा सिलेक्टर असेल आणि ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउनची गरजच नाही. भाच्याला दुकानात जाऊन मागच्या पॅनलचा फोटो काढायला सांगा, मगच पैसे द्या. शिवाय हेड वीस किलोच्या आसपास, बॅगेची मर्यादा २३, आणि विमानतळावर ड्युटी चुकत नाहीच. सेरियाटोनचा फायदा इथे आहे: मलेशियात वीज ५० हर्ट्झचीच.

तुमच्याकडे रात्री व्होल्टेज किती असतं तेही मीटर लावून बघा. आमच्याकडे २४५ दाखवतो. २३० च्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीवर) २४५ दिलं की ट्यूबची ६.३ व्होल्टची हीटर ६.७ ला चालते आणि प्लेट व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं. २४०चा टॅप असला तर तो वापरा. गिटारिस्ट एडी व्हॅन हेलन व्हॅरिअॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून सुपर लीडचं व्होल्टेज ९० च्या आसपास उतरवायचा. आपण फुकटात उलटा प्रयोग करत असतो.

बायसचा हिशोब समजून घ्या म्हणजे कुणी गंडवणार नाही. ईएल३४ची प्लेट मर्यादा २५ वॉट. त्याच्या सत्तर टक्के १७.५. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला साधारण ३९ मिलिअँपिअर. मोजून घ्या, पण स्वतः झाकण उघडू नका. बंद अॅम्पच्याही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज साठलेलं असतं. माझ्या माहितीतल्या माणसाचा नंबर व्यनि करतोय.

माझं मत विचाराल तर सेरियाटोनचा ५० वॉट, मास्टरसहित. डर्टी शर्ली मी वाजवलाय, मधल्या पट्टीत मऊ आणि गोड आहे, पण एसी/डीसीची ती कोरडी चिरफाड ईएल३४ची, शर्लीतल्या ५८८१ ट्यूबची नाही. आणि २० वॉटला कमी लेखू नका. ५० पेक्षा तो जेमतेम चार डेसिबल हळू. आवाज निम्मा वाटायला वॉट दहापट कमी करावे लागतात.

प्रतिसाद ३
सगळे हेडबद्दलच बोलताय. कॅब (स्पीकरची पेटी) कुठली आहे? दोन बुटीक अॅम्पमध्ये जेवढा फरक नसतो तेवढा स्पीकर बदलून पडतो. ग्रीनबॅक २५ वॉटचा, त्यामुळे ताणलेल्या ५० वॉटच्या प्लेक्सीखाली दोन ग्रीनबॅक म्हणजे धोका. तो अॅम्प लेबलपेक्षा जास्तच ओकतो. सेलेशनचेच ६५ वॉटचे क्रीमबॅक घ्या. आणि चार इनपुटचा अॅम्प आला की दोन्ही चॅनल छोट्या केबलने जोडा, नॉर्मल थोडा वर ठेवा. ब्राइटची बोच तिथेच मोडते.

धागाकर्ता
खूप आभार. भाच्याला फोटो काढायला सांगितलंय, पण मन सेरियाटोनकडे झुकलंय. कॅबचं मागचं झाकण काढून बघितलं: सेलेशनचे दोन व्ही३० स्पीकर, प्रत्येकी १६ ओहम, पॅरललमध्ये, म्हणजे एकूण ८. आधी एकच क्रीमबॅक बदलून मिश्रण करून बघणार आहे. १६ ओहमचाच मागवायचा ना? आणि टू नोट्सचा कॅप्टर लोड बॉक्स ८ ओहमवाला?

प्रतिसाद २
हो, १६चाच. कॅप्टर ८, अॅम्पचा सिलेक्टर ८. आणि कॅब किंवा लोड जोडल्याशिवाय स्टँडबाय स्विच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. अॅम्प आला की कळवा, मी कर्वे रोडलाच असतो.