सल्ला हवा: उपकेंद्रावर रेंज नसते, औषधांच्या डोससाठी मोबाईलवर काय ठेवू?

पाणंदीतली_सीएचओ
नमस्कार मंडळी. गगनबावडा तालुक्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर फोनवर असतात, पण पावसाळ्यात इथं फोन लागला तर लागला. रेंज हवी तर मागच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं, आणि आमचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

मागच्या महिन्यात माझ्या हातून चूक होता होता राहिली. पॅरासिटॅमॉलच्या बाटल्या आमच्याकडे नेहमी 5 मिलीत 125 मिग्रॅच्या यायच्या. मी सोयीसाठी भिंतीवर तक्ता लावलेला, वजन आणि पुढं मिली. 10 किलोला 6 मिली. या खेपेच्या बाटल्या 5 मिलीत 250 च्या निघाल्या. रंग तोच, बूच तसलंच. मी मापात 6 मिली ओतलं आणि बाळाची आजी म्हणाली, "बाई, गेल्या वेळेपेक्षा दाट दिसतंय की ओ." तेव्हा लेबल वाचलं. 3 मिली द्यायचं होतं. तक्ता त्याच दुपारी फाडला.

तर नेट नसताना चालणारं, फुकट ॲप कुठलं? फोन साधा आहे, जागा कमी.

शाहूपुरीचा_केमिस्ट
ताई, 'एमएसएफ मेडिकल गाइडलाइन्स' घ्या. सीमांपलीकडे काम करणाऱ्या त्या डॉक्टरांच्या संस्थेचं आहे, जिथं लॅब नाही, तज्ज्ञ नाही अशाच ठिकाणांसाठी केलेलं. कोल्हापुरात आलात की वायफायवर उतरवून घ्या, मग नेट लागत नाही. इंग्रजीत आहे, पण सोपं. पॅरासिटॅमॉल काढून बघा: किलोला 15 मिग्रॅ, दिवसातून 3-4 वेळा, दिवसभरात किलोला 60 च्या वर नाही. सगळं मिग्रॅमध्ये. मिलीचा हिशोब बाटली बघून आपणच करायचा, आणि ते बरंच आहे.

अमेरिकन ॲप घेतलंत तर पहिली ठेच नावाला लागते. पॅरासिटॅमॉल तिथं ॲसिटॅमिनोफेन, साल्ब्युटामॉल तिथं अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनलिन तिथं एपिनेफ्रिन. आपल्या ब्रँडांचं तर नावच काढू नका. माझ्या काउंटरवर रोज कोणीतरी कापलेली पट्टी घेऊन येतं, दोन गोळ्या उरलेल्या आणि नाव नेमकं कापून गेलेलं. ते कुठलंच ॲप ओळखणार नाही.

नाद_करायचा_नाय
एवढं कशाला, एआयला विचारा की. मराठीत सांगतंय सगळं.

शाहूपुरीचा_केमिस्ट
भावा, नेट नाही म्हणतायत त्या. वर वाच. आणि मी विचारून बघितलंय: 10 किलोच्या पोराला ताप आहे म्हटल्यावर बाटली कितीची हे न विचारता थेट मिली सांगून मोकळं झालं. म्हणजे ताईंचा फाडलेला तक्ताच तो.

रिटायर्ड_एमओ
ॲप ठेवा, पण सगळंच किलोवर मोजायची सवय लावून घेऊ नका. जुलाबात झिंक वयावर आहे: 2 ते 6 महिने 10 मिग्रॅ, पुढं 20 मिग्रॅ, आणि 14 दिवस. जुलाब थांबले की आई गोळी थांबवते, तिथं ॲपपेक्षा तुमचं बोलणं उपयोगी.

सर्पदंशात तर उलटंच. मुलाला वजन कमी म्हणून प्रतिविष कमी द्यायचं नसतं, सापानं विष तेवढंच सोडलेलं असतं. मी चंदगड भागात असताना एका नवीन पोरानं कॅल्क्युलेटर काढलेला, मी फोन हिसकावून घेतला होता. कोरड्या काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवून गोठतंय का बघतात, नाही गोठलं तर घोणस-फुरशाचं विष भिनलंय हे कळतं. तुमच्या उपकेंद्रावर प्रतिविष नसेल तर तेवढाही वेळ घालवू नका, 108 बोलवा.

अँटिबायोटिकसाठी डब्ल्यूएचओचं 'अवेअर' वर्गीकरण बघा. 2017 पासून आहे. ॲमॉक्सिसिलिन 'ॲक्सेस' गटात (आधी वापरायची), सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन 'वॉच' गटात (जपून वापरायची). दुकानदार मंडळी या शेवटच्या दोन्ही शेंगदाण्यासारख्या विकतात. (केमिस्टसाहेब, राग मानू नका.)

शाहूपुरीचा_केमिस्ट
मानला राग. पण खोटं नाही.

आशा_राधानगरी
ताई, मी एक करते. नवीन खोका फोडला की पहिल्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढते, वेगळ्या अल्बममध्ये ठेवते. पेशंटचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका, आमच्याकडे त्यावरून एकदा भांडण झालंय.

पाणंदीतली_सीएचओ
सगळ्यांचे आभार. रविवारी बहिणीकडे राजारामपुरीत गेलेले, तिथं एमएसएफचं उतरवलं. फोन विमान मोडवर टाकून बघितला, चालतंय. नवीन तक्ताही केला: वजन, मिग्रॅ, आणि मिलीचा रकाना कोरा. खोका फुटला की लेबल वाचून पेन्सिलनं भरायचा, जुना खोका संपला की खोडायचा.

आता एकच. औषधानं अंगावर पुरळ वगैरे उठलं तर कळवायचं कुठं? सीएचओनं कळवलेलं चालतं का?

शाहूपुरीचा_केमिस्ट
चालतं. नर्स, केमिस्ट, खुद्द पेशंट, कोणीही कळवू शकतं. औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचा सरकारी कार्यक्रम आहे, पीव्हीपीआय. त्यांचा टोल फ्री 1800-180-3024, आणि 'एडीआर पीव्हीपीआय' नावाचं ॲप आहे. बॅच नंबर आधी लिहून घ्या, पट्टी फेकली की तो जातो.