सल्ला हवा: सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलट परवाना) गोल डायलचं विमान की स्क्रीनवालं जी१०००?

मुलुंड_टेकऑफ
डीजीसीएचे (विमान वाहतूक नियामक) पेपर झाले, आता उड्डाणाची जागा ठरवायची आहे. एकीकडे गोल डायलची जुनी सेसना १७२, दुसरीकडे डायलऐवजी गार्मिनचे जी१००० स्क्रीन बसवलेली, तासाचा दरही चढा. पुढे ए३२० किंवा एटीआर हे प्रवासी विमानच उडवायचं आहे आणि तिथे सगळे स्क्रीन. मग डायल शिकण्यात वेळ घालवावा का? संस्थांची नावं नकोत, फक्त कॉकपिटबद्दल सांगा.

जुहू_डाउनविंड
दोन्ही मिळत असेल तर सोलो (एकट्याचं उड्डाण) आणि सुरुवातीच्या क्रॉस-कंट्री (दूरची उड्डाणं) डायलवर कर, इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं बघून उडवण्याचे) तास जी१००० वर. उलट क्रमाने गेलं की स्कॅन (उपकरणांवरून नजर फिरवण्याची सवय) बसवायला फार जड जातं. पीएफडीवर (पायलटसमोरचा मुख्य स्क्रीन) होरायझन (विमानाचा कल दाखवणारं कृत्रिम क्षितिज) अख्ख्या रुंदीभर, डावीकडे वेगाची पट्टी, उजवीकडे उंचीची. नजर हलवावीच लागत नाही. सहा डायलवर मात्र मधल्या होरायझनवरून हेडिंगकडे (दिशा), परत मध्ये, मग अल्टिमीटरकडे (उंची), परत मध्ये, ही सवय हाडात मुरावी लागते.

दुसरं, काटा वाचावा लागत नाही, तो कुठे आहे एवढं दिसलं तरी पुरतं. पट्टीवरचा आकडा वाचावाच लागतो. फायनलवर (उतरण्याआधीचा सरळ टप्पा) ६५ नॉट धरायचे तर नवशिक्या ६४, ६६, ६३ करत आकड्यामागे धावतो आणि धावपट्टीकडे बघायचंच राहतं. पट्टीलगतची जांभळट रेघ ६ सेकंदांनंतरचा वेग दाखवते. आकड्याऐवजी ती रेघ आखूड ठेवायला शीक, विमान आपोआप शांत होतं. स्क्रीन बंद पडल्याचा सराव म्हणून सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीची फेरी) इन्स्ट्रक्टरला पीएफडीचा ब्राइटनेस पूर्ण उतरवायला सांग. सर्किट ब्रेकर ओढून असा सराव करू नये, ब्रेकर त्यासाठी नसतात.

क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा, समुद्रसपाटीचा हवेचा दाब) आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये मिळतो, म्हणून पीएफडीचं एकक आधी तपास. पावसाळ्यात मुंबईचा क्यूएनएच १००३ असताना सेटिंग १०१३ वर राहिलं, तर अल्टिमीटर सुमारे ३०० फूट जास्त दाखवतो. समुद्रावरून खाली येताना हे फार महागात पडेल. आणि स्टँडबाय (राखीव) अल्टिमीटर वेगळा लावायचा असतो, तोच हमखास राहून जातो.

हँगर_नंबर_दोन
मेंटेनन्सच्या बाजूने लिहितो. डायलच्या विमानात होरायझन आणि हेडिंग वॅक्यूमवर (पंपाने ओढलेल्या हवेवर), टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं उपकरण) विजेवर. पंप कोरडा, कार्बनच्या पात्यांचा. पाती तुटली की पूर्वसूचना न देता बंद पडतो. पण जायरो (उपकरणातलं फिरतं चाक) लगेच थांबत नाही, काही मिनिटं हळूहळू कलत जातो. ढगात पायलट त्या कललेल्या होरायझनच्या मागे जातो, खरा धोका तो. सक्शन (पंपाची ओढ) पाऱ्याच्या ४.५ ते ५.५ इंचांत आहे ना, हे बघत राहा. पंप गेलाच तर ते डायल कागदाने झाकून टाका.

जी१००० मध्ये एएचआरएस (कल आणि दिशा मोजणारा संच) गेला की होरायझनवर लाल फुली येते, म्हणजे बिघाड निदान कळतो. पीएफडी काळा पडला तर ऑडिओ पॅनलवरचं लाल डिस्प्ले बॅकअप बटण दाबा, सगळं एमएफडीवर (शेजारचा दुसरा स्क्रीन) येतं. पण लाल फुली फक्त यंत्राला स्वतःचा बिघाड कळला तरच येते. पिटोच्या (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी) तोंडात कुंभारीण माशीचं घर किंवा पावसाचं पाणी असेल तर स्क्रीन चुकीचा आकडा तितक्याच ठळकपणे दाखवतो. पिटो आणि त्याचं ड्रेन (पाणी निघायचं भोक) दोन्ही बुजलं तर चढताना वेग वाढत जाताना दिसतो. सेसनात स्टँडबायचा वेगही त्याच नळीवर, म्हणजे दोन्हीकडे सारखीच चूक. तेव्हा जीपीएसचा ग्राउंडस्पीड, आरपीएम आणि नाकाची स्थिती, एवढंच हाताशी राहतं.

१९९६ मध्ये लिमाजवळ एरोपेरूचं ७५७ पडलं, ते विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर (उंची-वेगासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारी छिद्रं) लावलेली टेप काढायची राहिली म्हणून. कॉकपिटमध्ये स्क्रीनही होते.

वांद्रे_३६०
डायलच्या बाजूचं उदाहरण तर आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे ७४७ सांताक्रूझहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. कॅप्टनचा होरायझन उजव्या कलावर अडकला होता, त्यांनी विमान डावीकडे नेलं. रात्र, खाली काळा समुद्र, बाहेर क्षितिज नाही. दुसरी उपकरणं शाबूत होती. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघात तपासणारी संस्था) २०१० मध्ये छोट्या विमानांचा अभ्यास केला. त्यात स्क्रीनवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. त्यामुळे नुसत्या स्क्रीनसाठी जास्त पैसे मोजू नकोस. बिघाडाचा सराव करून घेतात का, ते विचार.

मुलुंड_टेकऑफ
खूप मोलाचं सांगितलंत. जागा बघायला जाईन तेव्हा विमानात काय तपासू?

हँगर_नंबर_दोन
जी१००० असेल तर स्टँडबाय बॅटरीची टेस्ट करून दाखवायला सांग. स्विच २० सेकंद टेस्टवर धरायचा, हिरवा दिवा विझता कामा नये. स्टँडबाय होरायझन कशावर चालतो तेही विचार, सुरुवातीच्या जी१००० सेसनात तो वॅक्यूमवरच आहे. डायलचं विमान असेल तर हेडिंग इंडिकेटर १५ मिनिटांत किती सरकतो ते विचार आणि स्नॅग रजिस्टर (बिघाडांची नोंदवही) बघू देतात का बघ. पिटोवर कव्हर आहे का, हे लांबूनच दिसेल.

जुहू_डाउनविंड
गॉगल पोलराइज्ड घेऊ नकोस, स्क्रीन काळपट दिसतात. गार्मिनचं जी१००० चं ट्रेनर सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतं. नॉब आणि सॉफ्टकी तिथेच पाठ कर, तासाचा चढा दर देऊन विमानात बसून शोधू नकोस.