'हान' आणि 'सौदाद': मराठीत काय म्हणाल?

कोरियावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. १९८३ साली दक्षिण कोरियाच्या केबीएस वाहिनीने कोरियन युद्धात ताटातूट झालेल्यांची गाठ घालून देणारा कार्यक्रम १३८ दिवस चालवला. माणसं नाव-गाव लिहिलेले फलक छातीशी धरून उभी. लेखक त्या भावनेला 'हान' म्हणतो, आणि पोर्तुगीज 'सौदाद' तीच, असंही. मी दोन्हीकडे 'हुरहूर' लिहिलं. संपादकांना 'विरह' हवाय.

— विरह नको, त्याला समोर माणूस लागतं. सौदाद गावाची, बालपणाचीही असते. जिवलगांना भेटून आलं की पोर्तुगीज माणूस 'सौदाद मारली' म्हणतो. हुरहूर तर परीक्षेच्या आदल्या रात्रीही लागते. 'ओढ' घ्या.

— ताई, हान म्हणजे ओढ नव्हेच! तिला कोरियनमध्ये 'गुरिउम' आहे. हानचं चिनी अक्षर तेच, जे जपानीत 'उरामी' वाचतात: मनात धरलेली अढी. अन्याय झाला, दाद लागली नाही, ते आत साचलं. मेलेल्यांचाही हान विधी करून सोडवतात, 'हानपुरी'. पुरी म्हणजे उकलणं. मी 'सल' लिहीन.

— सल एकट्याचा. हान अख्ख्या देशाचा म्हणतात ना?

— तसं म्हणायची रीत फार जुनी नाही. जपानी राजवटीत यानागी मुनेयोशी या जपानी अभ्यासकाने कोरियन कलेत दुःखाचं सौंदर्य पाहिलं. तो शिक्का पुढे खुद्द कोरियन लोकांनी मिरवला, याचं मला फार वाईट वाटतं. पोर्तुगालमध्येही १९१२च्या सुमारास पाश्कुआइश या कवीने सौदादला राष्ट्राचा आत्मा ठरवलंच.

— मूळ शब्द ठेवा, तळटीप द्या.

— तळटीप कोण वाचतं? 'हान' छापलं की लोक 'हाण' वाचतील. मराठीत सल, खंत, रुखरुख, हळहळ असताना उसनवारी कशाला?

— रुखरुख? चुकलेल्या गाडीची लागते ती! युद्धात हरवलेल्या भावाची नव्हे.

— सौदाद अरबी 'सौदा'वरून आलाय, म्हणजे काळं पित्त; त्याने माणूस उदास होतो असं पूर्वी मानत. उर्दूतला सौदाई, म्हणजे वेडापिसा, तोच.

— नाही हो. जुन्या पोर्तुगीजमध्ये 'सोइदादे' सापडतं, मूळ लॅटिन 'सोलितास', एकटेपण.

— मग 'सोइ'चं 'सौ' कसं झालं? पोर्तुगालचा दक्षिणेकडचा अल्गार्व्ह प्रांत १२४९पर्यंत मुसलमान राजवटीत होता.

— 'सौदार', म्हणजे अभिवादन करणं, या क्रियापदाच्या प्रभावाने, असं मानतात. अरबीचा पुरावा दाखवा, मी मान्य करेन.