मदत हवी आहे: कॉन्स्टेबलच्या 'द हे वेन'चे मालक आणि प्रदर्शनं, जुने कॅटलॉग कुठे बघायला मिळतील?

रंगपेटी:

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात चित्रकला शिकवतो. यंदा मोठ्या मुलांना एक वेगळा प्रोजेक्ट द्यायचा विचार आहे, एखादं चित्र कुणी काढलं हे सगळेच लिहितात पण ते काढल्यावर कुणाकुणाकडे गेलं, कुठे कुठे लागलं, कुणी नाकारलं हे शोधायचं. पुढे हेच काम आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांवर करून घ्यायचंय, पण आधी ज्याची कागदपत्रं नीट जपलेली आहेत असं एक चित्र हवं म्हणून इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' निवडलं.

मी आत्तापर्यंत जमवलेलं असं. चित्र 1821 चं, सफोकमधल्या फ्लॅटफर्डजवळची स्टुअर नदी, डावीकडे विली लॉटचं घर, पाण्यात उभी असलेली गाडी. तिथली फ्लॅटफर्डची गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची, पण एवढं मोठं कॅनव्हास, साधारण 130 बाय 185 सेंटीमीटर, त्याने लंडनच्या स्टुडिओत रंगवलं. त्याच वर्षी रॉयल अकॅडमीत लागलं तेव्हा नाव होतं 'लँडस्केप: नून', म्हणजे दुपार. 'हे वेन', म्हणजे वाळल्या गवताची गाडी, हे त्याचा जिवलग मित्र आर्चडीकन (चर्चमधला अधिकारी) जॉन फिशर याच्या तोंडचं नाव, तेच पुढे चिकटलं. अकॅडमीत विकलं गेलं नाही. 1822 ला ब्रिटिश इन्स्टिट्यूशनमध्ये परत लावलं, तिथेही गिऱ्हाईक नाही. त्याच वर्षी जॉन अ‍ॅरोस्मिथ नावाचा पॅरिसचा डीलर आला आणि 70 पौंड देतो म्हणाला, कॉन्स्टेबलने साफ नाही म्हटलं. पोरंबाळं सांभाळायची, बायकोची तब्येत नाजूक, आणि तरी नाही म्हणाला, मला हा माणूस इथे फार मोठा वाटतो.

मग 1824 ला तोच अ‍ॅरोस्मिथ परत आला आणि 'हे वेन', 'व्ह्यू ऑन द स्टुअर निअर डेडहॅम' आणि वर यार्मथचं एक छोटं चित्र असं मिळून 250 पौंडांना सौदा झाला. फिशरनेही पत्रात लिहिलं होतं की चित्र पॅरिसला जाऊदे, फ्रेंचांनी उचलून धरलं की इंग्लिश पब्लिकला वाटायला लागेल तुझ्यात काहीतरी आहे. आणि झालं तसंच. 1824 च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, खळबळ उडाली, राजा दहाव्या चार्ल्सने सुवर्णपदक दिलं. कॉन्स्टेबल स्वतः मात्र आयुष्यात कधी फ्रान्सला गेला नाही.

त्यानंतर चित्र इंग्लंडला परतलं, एडमंड हिगिन्सन, मग जॉर्ज यंग, आणि 1866 ला यंगच्या लिलावातून हेन्री व्हॉनकडे. व्हॉन म्हणजे टोप्यांच्या धंद्यातल्या बापाचा श्रीमंत मुलगा, लग्न केलं नाही, आयुष्यभर चित्रं जमवली. त्याने 1886 ला चित्र नॅशनल गॅलरीला भेट दिलं.

आता मदत कशात हवीये ते सांगतो:

मुलांनी वेबसाईटवरून कॉपी करून आणलेलं मला नकोय, मूळ कॅटलॉगचं पान त्यांनी डोळ्यांनी बघावं असं वाटतं. रॉयल अकॅडमीचा 1821 चा, सलोनचा 1824 चा आणि जुन्या लिलावांचे कॅटलॉग फुकटात कुठे वाचता येतात? शाळेकडे सबस्क्रिप्शनचं बजेट शून्य आहे.

दुसरं, या चित्राचं त्याच मापाचं एक स्केचही आहे, ते व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि तेही व्हॉनचंच होतं. नेटवर दोघांचे इतिहास बिनदिक्कत एकमेकांत मिसळलेले दिसतात. मुलांना हे वेगळं ओळखायची एक पक्की खूण द्यायचीये, काय द्यावी? आणि लंडनला कुणी असेल तर दोन्हीकडच्या भिंतीवरच्या पाट्यांचे फोटो पाठवाल का प्लीज.

---

नदीकाठ:

सर, आधी मनापासून सांगते, प्रोजेक्ट अप्रतिम आहे. रॉयल अकॅडमीने आपल्या उन्हाळी प्रदर्शनाचे सगळे जुने कॅटलॉग स्कॅन करून साईटवर टाकलेत, 1769 पासूनचे, वर्ष उघडलं की पान दिसतं. सलोनची पुस्तिका फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या ऑनलाइन संग्रहात बघा, भाषा येत नसली तरी कलाकाराचं नाव आणि नंबर मुलांना सहज सापडेल. लिलावांसाठी गेटी संस्थेचा प्रोव्हेनन्स इंडेक्स, म्हणजे चित्रं कुणाकडून कुणाकडे गेली याच्या नोंदींची ऑनलाइन सूची, फुकट आहे, पण तो सगळी वर्षं कव्हर करत नाही त्यामुळे तिथे नाही सापडलं म्हणजे विक्री झालीच नाही असं मुलांनी लिहू नये, हे आधीच बजावून ठेवा. इंटरनेट अर्काइव्हवरही ख्रिस्टीज वगैरे लिलाव कंपन्यांचे बरेच जुने कॅटलॉग आहेत, काहींच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने किंमत आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, ती पानं बघताना मुलांना खरी मजा येईल. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे लिहिलेलं नाव बऱ्याचदा एजंटचं असतं, खऱ्या मालकाचं नाही. तुमच्या 1866 च्या नोंदीतही हे तपासा.

पक्की खूण म्हणजे नोंदणी क्रमांक. नॅशनल गॅलरीचं चित्र एनजी (NG) 1207. स्केचचा नंबर 987-1900, त्यातलं 1900 म्हणजे म्युझियममध्ये दाखल झाल्याचं वर्ष, व्हॉन 1899 ला गेला आणि मृत्युपत्राने ते आलं. म्हणजे एक जिवंतपणी दिलेली भेट, दुसरं मृत्युपत्रातलं दान, आणि प्रदर्शनांची यादी फक्त पहिल्याची, कारण अकॅडमी आणि सलोनला स्केच कधी गेलंच नाही, ते कॉन्स्टेबलने स्वतःच्या कामासाठी केलं होतं. वाटलं तर व्हॉनवर एका मुलाला स्वतंत्र लिहायला सांगा, त्याच्याकडचे इंग्लिश चित्रकार टर्नरचे जलरंग एडिंबरा आणि डब्लिनला गेले आणि उजेडाने उडू नयेत म्हणून फक्त जानेवारीत, दिवस मंद असतात तेव्हाच दाखवले जातात, ही अट त्याचीच.

माझी बहीण लंडनला असते, पाट्यांचं तिला सांगते.

---

रंगपेटी:

ताई, खूप खूप आभार, एजंटवाला मुद्दा माझ्या डोक्यातच आला नसता. उद्या गॅलिका उघडून बघतो. बहिणीला सांगा, पाटीवरचा नंबर नीट वाचता येईल असा जवळून फोटो हवाय, आणि फ्रेमचाही एक आला तर फारच बरं.