रेल्वेवेड्यांना 'अनोरॅक' काहून म्हणतात?

अजनीकर: भाऊ लोक, एक विचारायचं होतं. माझा भाचा दहावीत आहे अन् इंजिनांच्या मागे पार वेडा, गाडी दुरून येताना दिसली की सांगते हे वॅप-७ जातीचं विजेचं इंजिन आहे, आपल्या नागपूरच्या अजनी शेडचं आहे, अन् ते बरोबर निघते. इंग्लंडच्या एका रेल्वे चॅनलवर त्यानं कमेंट टाकली तं कोणीतरी त्याले 'पक्का अनोरॅक' म्हटलं. पोरगं विचारून राहिलं की ही शिवी आहे का. मला तं अनोरॅक म्हणजे टोपीवालं जाकीट एवढंच माहीत.

इतवारी_लोको: जाकीटच हाये भाऊ ते. शब्द मुळात ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचा, डोक्यावरून घालायचा टोपीवाला अंगरखा, डॅनिशमधून इंग्रजीत आला. इंग्लंडात प्लॅटफॉर्मच्या टोकाला पावसात उभं राहून इंजिनांचे नंबर टिपणारे लोक हेच जाकीट घालायचे. हा नाद वाढला तो १९४२ नंतर, सदर्न रेल्वेत कामाला असलेल्या इयान ॲलननं इंजिनांच्या नंबरांचं पुस्तक काढलं, मग पोरं दिसलेल्या नंबराखाली रेघ मारत फिरायची. १९८०च्या दशकात जाकिटाचं नाव माणसालाच चिकटलं, एकाच विषयात बुडालेला अन् त्याच्याबद्दलच बोलणारा माणूस म्हणजे अनोरॅक.

बर्डीवाला: वरचं बरोबर, पण फक्त रेल्वे नाही. समुद्रातल्या जहाजांवरून बिनपरवाना रेडिओ स्टेशनं चालायची, रेडिओ कॅरोलाइन १९६४ मध्ये सुरू झालं, त्यांचे चाहते होड्या करून जहाजं पाहायला जायचे अन् अंगात हेच जाकीट. रेडिओवाल्यांत त्या चाहत्यांना १९७०च्या दशकातच अनोरॅक म्हणत अन् ते अजूनही स्वतःला तसं म्हणवतात. जपानी 'ओताकु'चंही असंच, एखाद्या नादात बुडालेल्यांना तिकडं तसं म्हणतात. शब्दाचा अर्थ 'तुमचं घर', समोरच्याला आदरानं 'तुम्ही' म्हणायला वापरतात, मांगा-ॲनिमेवाली, म्हणजे जपानी कॉमिक्स अन् कार्टूनच्या नादातली पोरं एकमेकांना तसं बोलायची, १९८३ मध्ये अकिओ नाकामोरी नावाच्या लेखकानं त्यावरून त्यांची टिंगल केली अन् आता लोक तेच नाव आवडीनं लावतात. शिवी नाही, चिडवणं आहे. कोण म्हणते त्यावर पण आहे, त्या चॅनलवर तं सगळे त्याच नादाचे, म्हणजे पोराले आपल्यातला मानलं त्यांनी.

मोतीबाग: हाव, भाच्याला सांगा वाईट वाटून घेऊ नको. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे बंद पडणार होती, १९५१ मध्ये अशाच हौशी लोकांनी फुकट काम करून ती चालू ठेवली, स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे ती, अजून धावते. आपल्याकडं नागपूर-नागभीडची छोटी लाइन (नॅरोगेज) ब्रॉडगेजसाठी बंद झाली, तिचे फोटो अन् इंजिनांचे नंबर ज्यांनी त्या वेळी टिपले त्यांच्या वह्या आता सोन्याच्या आहेत. त्याला मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये न्या एकदा, अन् जाताना वही द्या हातात.

अजनीकर: वाचून दाखवलं त्याले. आता विचारून राहिला की रविवारी म्युझियम उघडं असते का, कोणाले माहीत असेल तं सांगा.