इयर ११ नंतर ए-लेव्हलचे विषय: तीन घ्यावेत की चार, आणि इतिहास सोडावा का?

टेकडीवरचे घर यांचा प्रश्न

नमस्कार. आमची मुलगी इंग्लंडमधील एका सरकारी शाळेत इयर ११ मध्ये शिकते आणि येत्या उन्हाळ्यात तिची जीसीएसईची (आपल्या दहावीसारखी) परीक्षा आहे. शाळेच्या अंदाजानुसार तिला गणितात आणि तिन्ही विज्ञान विषयांत ८ किंवा ९ (९ हा सर्वोच्च ग्रेड), तर इतिहासात ९ मिळावेत. सिक्स्थ फॉर्मच्या (इयर १२-१३, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या) अर्जात ए-लेव्हलचे (त्या दोन वर्षांअखेरच्या परीक्षेचे) विषय लिहून द्यायचे आहेत आणि त्यावरून घरात एकमत होत नाही. तिचा ओढा मेडिसिनकडे आहे, परंतु गणितही तितकेच आवडत असल्याने तिने इंजिनीअरिंगचा विचार पूर्णपणे सोडलेला नाही, आणि इतिहास सोडायचा विषय निघाला की ती गप्प होते. माझ्या पतींचे मत असे आहे की रसायन, जीव, भौतिक आणि गणित असे चारही विषय घ्यावेत, म्हणजे अर्ज इतरांपेक्षा उजवा ठरेल. आम्ही दोघेही बारावीपर्यंत सहा विषय शिकलो असल्यामुळे केवळ तीन विषयांवर दोन वर्षे काढणे आम्हाला काहीसे अपुरे वाटते, हेही मान्य करते.

येथे ज्यांची मुले या टप्प्यातून गेली आहेत किंवा जे स्वतः शिकवतात, त्यांनी कृपया दोन गोष्टींवर लिहावे. पहिली, चौथ्या विषयाचा खरोखर उपयोग होतो का. दुसरी, अभ्यासाची पद्धत. कारण आजवर ती परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात वह्या वाचून उत्तम गुण मिळवत आली आहे आणि पुढेही तसेच चालेल अशी तिची खात्री आहे.

खडूफळा यांचे उत्तर

मी एका सिक्स्थ फॉर्ममध्ये बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. आधी चार विषयांबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न प्रवेशाच्या संध्याकाळी जवळपास प्रत्येक भारतीय घरातून येतो. विद्यापीठे सशर्त प्रवेश देतात तो सर्वसाधारणपणे तीन विषयांवर देतात. केंब्रिजमध्ये विज्ञान शाखांसाठी नेहमीची अट दोन ए-स्टार (ए च्याही वरचा ग्रेड) आणि एक ए अशी असते, बहुतेक मेडिकल स्कूलची अट तीन ए किंवा त्याच्या जरा वर असते, आणि तेथे ए, ए, बी, बी असे चार निकाल घेऊन आलेला विद्यार्थी तीन ए मिळवणाऱ्यापेक्षा मागेच राहतो. चौथ्या विषयाला ठोस कारण लागते, आणि असे कारण मला मुख्यतः एकच ठाऊक आहे, ते म्हणजे फर्दर मॅथ्स (गणिताच्या जोडीने घ्यायचा प्रगत गणिताचा स्वतंत्र विषय). ज्याला गणित, भौतिकशास्त्र किंवा अव्वल विद्यापीठातील इंजिनीअरिंग करायचे आहे त्याने तो विषय अवश्य घ्यावा. केंब्रिजच्या किंवा लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या गणिताच्या पदवीला तर त्यावाचून वाट फार अवघड आहे. मेडिसिनसाठी मात्र अनेक ठिकाणी गणित आणि फर्दर मॅथ्स मिळून एकच विषय धरला जातो, त्यामुळे तेथे तो घेऊन पदरात काही पडत नाही.

आता आपल्या मुलीचा खरा पेच. माझ्या मते तो तीन की चार हा नसून जीवशास्त्र की भौतिकशास्त्र हा आहे, आणि तो चौथा विषय घेऊन सुटत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. मेडिसिनसाठी रसायनशास्त्र बहुतेक ठिकाणी लागते. त्याच्या जोडीला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज जीव, भौतिक किंवा गणित यांपैकी विषय चालवून घेतात, परंतु इंपिरियलसारख्या अनेक ठिकाणी रसायन आणि जीव दोन्ही लागतात. उलट इंजिनीअरिंगच्या बहुतेक शाखांना गणित आणि भौतिक हवे असते. केमिकल इंजिनीअरिंग हा त्यातला लक्षणीय अपवाद, तेथे गणित आणि रसायन यांवर बऱ्याच विद्यापीठांत अर्ज करता येतो. म्हणून रसायन, जीव आणि गणित हे त्रिकूट घेतले तर मेडिसिनचे सर्व दरवाजे उघडे राहतात आणि इंजिनीअरिंगचा एक दरवाजा तरी किलकिला राहतो. भौतिकशास्त्र सोडण्याची किंमत काय आहे हे मात्र तिला आजच स्पष्ट सांगा. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये सांगून उपयोग नाही.

जाता जाता एक सूचना. नातेवाइकांकडून ‘सोयीचे विषय’ (विद्यापीठांना अधिक पसंत असलेले विषय) अशी एक यादी फिरत येते, तिच्यावर विसंबू नका. रसेल ग्रुपने (ब्रिटनमधील अग्रगण्य विद्यापीठांच्या गटाने) ती यादी २०१९ मध्येच मागे घेतली आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अटी स्वतंत्रपणे पाहण्याचा सल्ला दिला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाचे पान उघडून ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ हे दोन रकाने वाचणे, एवढेच काम आहे. लोक तेच टाळतात आणि मग ओळखीच्या ओळखीला फोन करतात.

दक्षिणवारा यांचे उत्तर

खडूफळा यांच्याशी मी सहमत आहे. आमचा मुलगा सध्या मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून वेळापत्रकाविषयी थोडे लिहिते, कारण विषयांच्या निवडीवर त्याचा जो परिणाम होतो तो आरंभी कोणाच्या लक्षात येत नाही.

मेडिसिनचा यूकास (विद्यापीठ प्रवेशाची केंद्रीय यंत्रणा) अर्ज इयर १३ च्या सुरुवातीलाच, १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवावा लागतो. इतर बहुतेक अभ्यासक्रमांना जानेवारीपर्यंत मुदत असते. एकूण पाच पसंतींपैकी मेडिसिनसाठी फक्त चारच वापरता येतात, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. यूकॅट ही मेडिसिनची प्रवेशपरीक्षा त्याआधीच्या जुलै ते सप्टेंबर या काळात द्यावी लागते. अर्जात शाळा जे अपेक्षित ग्रेड लिहिते ते बहुधा इयर १२ च्या अखेरीस होणाऱ्या शाळेच्या अंतर्गत परीक्षेवरून ठरतात. म्हणजे प्रत्यक्ष ए-लेव्हलची परीक्षा दोन वर्षांनी असली, तरी प्रवेशाच्या दृष्टीने निर्णायक ठरणारा पहिला टप्पा अवघ्या नऊ-दहा महिन्यांत येऊन ठेपतो, आणि त्याच महिन्यांत चौथा विषय मुलांचा सर्वाधिक वेळ खातो. आमच्या ओळखीच्या ज्या मुलांनी चार विषयांनी सुरुवात केली, त्यांतील बहुतेकांनी इयर १२ मध्येच एक सोडला, आणि तोवर बाकीच्या तीन विषयांत ती मागे पडलेली होती.

आम्हालाही एका स्नेह्यांनी सुचवले होते की चौथा विषय म्हणून मातृभाषा घ्यावी, म्हणजे फुकटचा ए-स्टार मिळेल. गुजराती, बंगाली, पंजाबी आणि उर्दू यांची ए-लेव्हल आहे, मराठीची नाही, त्यामुळे आपल्यापुरता तो विषय तेथेच संपतो. शिवाय घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेची ए-लेव्हल काही विद्यापीठे अटींमध्ये धरत नाहीत.

निळी शाई यांचे उत्तर

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी ए-लेव्हल दिली असून सध्या मेडिसिन शिकत आहे. माझे विषय रसायन, जीव आणि इतिहास होते, म्हणून वरील दोघांविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडते.

काका आणि काकू, इतिहास ही चैन नाही. बहुतेक मेडिकल स्कूलना रसायन आणि जीव मिळाले की तिसरा विषय कोणता याने फारसा फरक पडत नाही. ज्या मुलीला इतिहासात सहज ९ मिळतात तिला तिसरा ए गणितातच मिळवायला लावणे म्हणजे जिंकायचा डाव स्वतःहून अवघड करून घेणे आहे. इतिहासात २०% गुण स्वतः लिहायच्या प्रदीर्घ निबंधाचे असतात, आणि तो निबंध लिहिताना परस्परविरोधी साधने समोर ठेवून मत बनवण्याची जी सवय लागली, ती मुलाखतीत नैतिक पेचांवर बोलताना मला कोणत्याही विज्ञान विषयापेक्षा जास्त कामी आली.

अर्थात याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रसायन, जीव, इतिहास हे त्रिकूट घेतले की इंजिनीअरिंग संपले. अर्थशास्त्रही अवघड होते, कारण एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) किंवा केंब्रिज येथे अर्थशास्त्राच्या पदवीला ए-लेव्हलचे अर्थशास्त्र लागत नाही, गणित लागते. रसायनशास्त्राच्या परीक्षेत किमान २०% गुण गणिती कौशल्यांचे असतात, भौतिकशास्त्रात ४०%, जीवशास्त्रात १०%. तेव्हा गणित न घेणाऱ्यांना लॉगॅरिदम आणि पीएचची गणिते स्वतंत्रपणे घोटावी लागतात. मी ती घोटली. तेव्हा आपल्या मुलीला गणित मनापासून हवे असेल तर गणित घ्यावे, फक्त ‘अर्जात बरे दिसते’ म्हणून घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

टेकडीवरचे घर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सारे तिला वाचून दाखवले. इंजिनीअरिंगबद्दल ती म्हणाली की तिला यंत्रांपेक्षा गणित आवडते, त्यामुळे भौतिकशास्त्र सोडण्याचे तिला फारसे वाईट वाटले नाही, आणि तिचे वडीलही चौथ्या विषयाचा आग्रह सोडायला तयार झाले आहेत. आता प्रश्न उरला तो गणित की इतिहास एवढाच. खडूफळा सर, अभ्यासाच्या पद्धतीविषयी आपण लिहाल का?

खडूफळा

निळी शाई यांचा मुद्दा रास्त आहे आणि मी त्याला विरोध करणार नाही. एक मधला मार्ग सुचवतो. तिने गणित घेतले, तर इतिहासाची ओढ ईपीक्यूमध्ये भागवता येते. हा स्वतंत्र संशोधनाचा प्रकल्प अर्ध्या ए-लेव्हलइतका धरला जातो आणि काही विद्यापीठे तो चांगल्या श्रेणीत पूर्ण केल्यास अट एका ग्रेडने खाली आणतात. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती पसरलेला कॉलरा आणि जॉन स्नो यांनी त्याचे मूळ पाण्यात शोधण्यासाठी केलेली मांडणी, हा विषय अशा मुलीला दोन्हीकडचे समाधान देईल आणि पर्सनल स्टेटमेंटमध्ये (यूकास अर्जातील स्वतःविषयीच्या लेखनात) लिहायलाही काही हाती राहील. २०२६ च्या प्रवेशापासून त्या स्टेटमेंटचे तीन ठरावीक प्रश्न झाले आहेत. त्यातील एक प्रश्न शाळेच्या शिक्षणातून काय तयारी झाली याचा आहे, तर एक शिक्षणाबाहेर काय केले याचा.

आता अभ्यास. आठवडाभर आधी वह्या वाचण्याची पद्धत जीसीएसईला चालते, कारण तेथे प्रश्न बहुतांशी ओळखीचे असतात. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या सर्व लेखी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकत्र होतात, त्यामुळे इयर १२ च्या सप्टेंबरमध्ये शिकलेले दीड वर्षाहून अधिक काळानंतर लिहायचे असते. याहून मोठी अडचण शब्दांच्या नेमकेपणाची. एक उदाहरण देतो. ॲल्युमिनियमची पहिली आयनीकरण ऊर्जा मॅग्नेशियमपेक्षा कमी का, हा दोन गुणांचा प्रश्न वर्गात हमखास येतो. हुशार मुले लिहितात, ‘ॲल्युमिनियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर असल्याने सहज निघतो.’ वाचायला ठीक वाटते, पण गुण मिळत नाहीत. उत्तरात असे यावे लागते की ॲल्युमिनियमचा तो इलेक्ट्रॉन ३पी उपकवचात असतो, आणि ते मॅग्नेशियमच्या ३एस उपकवचापेक्षा अधिक ऊर्जेच्या पातळीवर असते. उपकवचाचे नाव हा एक गुण, ऊर्जेची तुलना हा दुसरा. मुलाला संकल्पना समजलेली असते, त्यामुळे वह्या पुन्हा वाचताना त्याला सगळे ‘येते’ असे वाटत राहते, आणि अशाच उत्तरांमधून ए-स्टारचा बी होतो.

म्हणून पहिल्या महिन्यापासून एकच शिस्त लावा. एखादा धडा संपला की त्याच आठवड्यात पुस्तक मिटून त्यावरील जुने प्रश्न सोडवायचे, मग गुणदान-पत्रिका समोर ठेवून स्वतःच तपासायचे, आणि जेथे गुण गेला तेथे तो अज्ञानामुळे गेला की मांडणीमुळे हे समासात लिहायचे. तीन आठवड्यांनी तोच धडा पुन्हा, कोऱ्या कागदावर. परीक्षक मंडळाचा दरवर्षीचा अहवाल मुले उघडतही नाहीत, वास्तविक त्यात यंदा मुलांनी नेमके कोठे गुण घालवले हे प्रश्नवार छापलेले असते. संपूर्ण प्रश्नपत्रिका मात्र जपून वापराव्यात. विज्ञान विषयांच्या सध्याच्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा २०१७ मध्ये झाली, २०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यातील परीक्षा रद्द झाल्या, त्यामुळे खऱ्या प्रश्नपत्रिका तशा थोड्याच आहेत. अलीकडच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका इयर १३ च्या वसंतासाठी राखून ठेवा. आणि आपल्या शाळेचे मंडळ एक्यूए, ओसीआर, की एडेक्सेल हे आधी विचारून घ्या, नाहीतर मुले इंटरनेटवरून भलत्याच मंडळाच्या टिपा पाठ करत बसतात.

गणित की इतिहास हे ठरवण्यासाठी जीसीएसई आटोपल्यावर जूनअखेरीस तिच्यासमोर इयर १२ च्या गणिताचे पहिले दोन धडे ठेवा, म्हणजे घातांक, करणी आणि द्विघाती समीकरणे. बीजगणित हात न अडखळता होत असेल आणि उत्तर चुकल्यावर ती स्वतःहून पुन्हा वही ओढत असेल, तर गणित घेऊ द्या. बहुतेक सिक्स्थ फॉर्म सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलू देतात. त्या मुदतीची तारीख मात्र प्रवेशाच्या दिवशीच लेखी मागून घ्या.